गॉब्लिनला मराठीत काय म्हणायचं?

नागपुरातल्या शाळांत भुताखेतांच्या गोष्टींवर बोलायला गेलो, की पाच-दहा मिनिटांत एक हात वर येतोच. "सर, गॉब्लिनला मराठीत काय म्हणतात?" मुलांनी हॅरी पॉटर पाहिलेला असतो, हॉबिट पाहिलेला असतो, स्पायडरमॅनच्या मागे लागलेला ग्रीन गॉब्लिन तर तोंडपाठ असतो. मागच्या बाकावरून कोणी "राक्षस!" म्हणतं, कोणी "मुंज्या!" आणि एखादी पोट्टी ठासून सांगते, "बुटकं भूत." तिन्ही उत्तरांत थोडं खरं आहे. पण नेमका शब्द हवा असेल तर आधी या प्राण्याची नीट ओळख करून घ्यावी लागते, आणि ती ओळख आपल्याला विलायतेतून फिरवून शेवटी नागपूरच्याच इतवारीच्या गल्लीत आणून सोडते.

१. भूत मरून होतं, गॉब्लिन जन्माला येतो

आपल्या बहुतेक भुतांच्या मागे एक मेलेला माणूस असतो. मुंज झाली पण लग्नाआधीच मुलगा गेला, तर तो मुंज्या, मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात बाई गेली, तर अळवंतीण किंवा हडळ. पैशाअडक्यात जीव गुंतलेला माणूस मागे कोणी क्रियाकर्म करणारं नसताना गेला, तर समंध. म्हणजे भूत ही एक राहिलेली उधारी असते. इच्छा पुरवा, विधी करा, खातं मिटतं.

गॉब्लिनचं तसं नाही. तो कधी माणूस नव्हताच. त्याला आईबाप असतात, भूक लागते, राजा असतो, बाजार असतो, हत्यारं घडवायची भट्टी असते. घराच्या उदाहरणाने सांगतो. भूत म्हणजे खोली सोडून गेलेला, पण सामान तसंच ठेवून गेलेला भाडेकरू. गॉब्लिन म्हणजे ज्याची भिंत आपल्या भिंतीला लागून आहे असा शेजारी. त्याच्याशी भांडण होतं, देवघेव होते, चोरी होते, पण त्याला 'मुक्ती' देता येत नाही, कारण तो कुठे अडकलेलाच नाही. तो आपल्या घरी आहे.

ही कसोटी लावून पाहू. आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' हा सिनेमा ७ जून २०२४ ला आला आणि घराघरांतली पोरं महिनाभर त्याच्या आवाजात बोलत होती. कोकणातला गोट्या, वयाने मोठ्या मुन्नीशी लग्न लावून द्या म्हणून हट्ट धरलेला, मुंजीनंतर लगेच मेलेला. पडद्यावर तो दिसतो कसा? बुटका, काटकुळा, दात विचकणारा, खोडकर. दिसायला अगदी गॉब्लिन. पण त्याची मागणी जुनीच आहे, राहिलेलं लग्न. म्हणून तो भूतच. सिनेमाने त्याला गॉब्लिनचं अंग दिलं, आत्मा मराठीच ठेवला. आणि ग्रीन गॉब्लिन? १९६४ च्या कॉमिकमध्ये तो पहिल्यांदा आला. तो तर मुखवटा घातलेला माणूस आहे, त्याने फक्त नाव उसनं घेतलं.

२. खाणीतला चोर

'गॉब्लिन' हे नाव जुनं आहे. बाराव्या शतकात ऑर्डेरिक व्हिटालिस नावाच्या साधूने फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातल्या एव्ह्रो गावच्या एका सैतानाची नोंद केली आहे. गावकरी त्याला गोबेलिन म्हणत. याचाच जर्मन भाऊबंद म्हणजे कोबोल्ड, आणि या कोबोल्डची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण तिच्यात कल्पना कुठून उगवते ते डोळ्यांसमोर दिसतं.

जर्मनीतल्या डोंगरांत चांदीच्या खाणी होत्या. खाणकामगाराला कधी कधी चांदीसारखा चकाकणारा जड धोंडा मिळे. तो आनंदाने पाटी भरून वर आणी, भट्टीत टाकी. आता भट्टीत काय होतं पाहा. त्या धोंड्यात चांदी नसते. त्यात एक वेगळाच धातू असतो आणि त्याच्या जोडीला सोमल, म्हणजे आर्सेनिक. तापवताच सोमलाचा विषारी पांढरा धूर निघतो. माणूस खोकून बेजार होतो, हातापायांना जखमा होतात, आणि धूर निवल्यावर हाती चांदीचा कणही लागत नाही. मेहनत गेली, तब्येत गेली, चांदी गेली. मग खाणकामगार म्हणे, खाली राहणाऱ्या कोबोल्डने आमची चांदी काढून घेतली आणि हा विषारी दगड ठेवला.

ही समजूत अडाण्यांचीच होती असं नाही. खाणशास्त्राचा पाया घालणारा गेओर्ग आग्रिकोला याने १५४९ मध्ये जमिनीखालच्या प्राण्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात खाणीत राहणाऱ्या या बुटक्यांनाही जागा दिली. पुढे १७३५ च्या सुमारास स्वीडनच्या गेओर्ग ब्रांट याने दाखवून दिलं, की काचेला गर्द निळा रंग देणारा पदार्थ हा त्या धोंड्यातला एक नवा धातू आहे. नाव मात्र खाणकामगारांचंच राहिलं. कोबोल्डचा कोबाल्ट झाला. आज अनेक मोबाईलच्या बॅटऱ्यांत तो असतो.

नागपूरकराला हे दूरचं वाटायला नको. आपल्या पायाखालीही खाणीच आहेत. उमरेड, कामठी, सावनेरचा कोळसा, मनसर आणि कांद्रीचं मॅंगनीज. मनसरच्या बाजूने गेलं की रस्त्याकडेला काळा, जड, उन्हात मंद चमकणारा दगड दिसतो. तो हातात घेतला की मला नेहमी वाटतं, जमिनीने आपल्याला हे सहज दिलेलं नाही, कोणाच्या तरी ताब्यातून ओढून आणलेलं आहे. ही भावना हाडात मुरलेली असावी. हे मनसर गाव लक्षात ठेवा, आपल्याला तिथे परत यायचं आहे.

३. पुस्तकात शिरलेला गॉब्लिन

खाणीतून पुस्तकात यायला त्याला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. १८६२ मध्ये क्रिस्टिना रोझेटीच्या दीर्घ कवितेत गॉब्लिन फळं विकत फिरतात. पैशाऐवजी ते गिऱ्हाइकाच्या केसांची बट मागून घेतात. १८७२ मध्ये जॉर्ज मॅकडोनाल्डच्या कादंबरीत ते डोंगराच्या पोटात राहतात. त्यांचं डोकं दगडासारखं, पण पाय मऊ. खाणीत काम करणारा कर्डी नावाचा मुलगा त्यांच्या पायांवर जोरात पाय देऊन त्यांना पळवून लावतो. ही कथा जे. आर. आर. टोल्किन लहानपणापासून वाचत होते. १९३७ च्या 'हॉबिट'मधले धुक्याच्या डोंगराखालचे गॉब्लिन त्याच घराण्यातले. मऊ पायांवर मात्र आपला कधीच विश्वास बसला नाही, असं त्यांनी एका पत्रात सांगितलं आहे. १९८६ चा 'लॅबिरिंथ' पाहिलेल्यांना आठवेल, की तिथे गॉब्लिनांचा राजा तान्ह्या भावालाच उचलून नेतो.

जे. के. रोलिंग यांनी हॅरी पॉटरमध्ये त्यांना थेट बँकेत बसवलं, तळघरात सोनं आणि काऊंटरवर लांब बोटांचे गॉब्लिन. ज्यू सावकारांची जी टिंगलचित्रं युरोपात शतकानुशतकं काढली गेली, त्यांच्याशी सिनेमातल्या या गॉब्लिनांच्या आकड्या नाकांचं साम्य अनेकांना खटकलं, आणि मला ते खटकणं रास्त वाटतं. पण त्याच मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात ग्रिपहूक नावाच्या गॉब्लिनच्या निमित्ताने एक विलक्षण गोष्ट कळते. त्यांच्या मते वस्तू कायमची तिच्या घडवणाऱ्याची. विकत घेणारा तिला जन्मभर वापरायला भाड्याने घेतो, मेल्यावर ती परत करायची. माणसं परत करत नाहीत, म्हणून गॉब्लिनच्या लेखी माणसंच चोर.

इथे मी मुलांना थांबवतो आणि विचारतो, चांदी नक्की कोणाची होती? खाली राहणाऱ्याची, की वरून कुदळ घेऊन उतरणाऱ्याची? वर्गात बराच गलका होतो. पण एकदा हा प्रश्न पडला, की गॉब्लिन वेगळा दिसायला लागतो. तो राखणदार आहे, फक्त ज्याला त्याच्या ताब्यातलं काही हवं आहे त्याच्या डोळ्यांनी पाहिलेला. राखण त्याच्यावर सोपवून झोपी जाणाऱ्याला तो असा भेसूर दिसलाच नसता.

कोकणात आणि गोव्यात राखणदार हा शब्द आजही चालतो. गावच्या वेशीवरच्या, वडाखालच्या राखणदाराला लोक भाकरी देतात, नारळ देतात, रात्री उशिरा परतताना त्याच्या भरवशावर चालतात. मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला माझं उत्तर हेच, राखणदार. शब्दकोशात ते सापडणार नाही, पण अर्थ तिथेच जातो.

४. ढेरपोटे, हसरे, दगडातले

हा राखणदार आपल्या मुलखात कसा दिसत होता ते पाहायला साधारण दोन हजार वर्षं मागे जाऊ. संभाजीनगर जिल्ह्यात कन्नडजवळ पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे सापडलेला एक यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. यक्ष म्हणजे कुबेराचे सेवक, धनाचे रखवालदार. हा ठेंगणा आहे, पोट सुटलेलं आहे, दोन्ही हातांनी डोक्यावर पात्र तोलून धरलं आहे आणि चेहऱ्यावर असं मोकळं हसू, की समोर उभं राहणाऱ्यालाही हसू यावं. त्याच्या हातावर कोरलेलं आहे, की ही मूर्ती कान्हदास नावाच्या हिरण्यकाराने, म्हणजे सोनाराने, घडवली. धनाचा राखणदार सोनाराच्या हातून घडला आणि सोनाराने त्यावर आपलं नाव टाकलं. ग्रिपहूकला हे ऐकून बरं वाटलं असतं.

आता मनसरला परत चला. रामटेकच्या वाटेवर, नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर. मॅंगनीजच्या खाणींच्या शेजारी एक टेकडी आहे, तिथे वाकाटकांच्या काळातलं भव्य बांधकाम उत्खननात निघालं. या मनसरची पाचव्या शतकातली एक मूर्तीही दिल्लीत आहे. बसलेली, ठेंगणी, ढेरपोटी, दागिन्यांनी मढलेली, चेहरा अतिशय शांत. कोणी तिला शिवाचं रूप मानतं, कोणी धनाचा अधिपती निधी. अभ्यासकांचं एकमत नाही, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. शिवाचे गण आणि कुबेराचे यक्ष एकाच अंगलटीचे आहेत. तीच उंची, तेच पोट, जी विलायतेत हिडीस ठरली, ती इथे गाभाऱ्याजवळ बसली.

आपल्याकडे भीती नव्हतीच असं मात्र नाही. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात हारितीची मूर्ती आहे. ही यक्षिणी लोकांची मुलं खायची. बुद्धाने तिचंच एक मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती सैरावैरा शोधत आली, तेव्हा त्याने विचारलं, तुझ्या इतक्या लेकरांतलं एक हरवलं तर तुझी ही गत, मग ज्यांचं एकुलतं एक गेलं त्यांचं काय? हारिती मुलांची रक्षक झाली. विहाराने तिच्या जेवणाची सोय केली आणि तिला देवघर दिलं. मूल पळवणाऱ्या शेजाऱ्याशी झालेला इतका शहाणा तह मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत वाचलेला नाही.

५. नागझिऱ्यातली एक रात्र

हा तह मोडला की काय होतं, ते 'तुंबाड'मध्ये दिसतं. सिनेमा १२ ऑक्टोबर २०१८ ला आला. बीज मात्र आपल्या विदर्भात पडलं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे सांगतात, की १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मुक्कामाला असताना एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक गोष्ट ऐकवली आणि ती भीती त्यांच्या मनातून गेली नाही. नागझिऱ्यात रात्री राहिलेल्याला हे पटेल. दिवे गेल्यावर तिथला अंधार अंगाला चिकटतो.

'तुंबाड'चा हस्तर कोणत्याही पुराणात नाही, तो सिनेमासाठी रचलेला आहे. पण रचना पक्की मराठी आहे. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा, त्याने सोनं लुटलं, धान्यावर हात टाकताच देवांनी हल्ला केला, आईने त्याला पोटात लपवलं. अट एकच, त्याची पूजा कधी होणार नाही. त्या गर्भात तो जागा आहे, उपाशी आहे, कमरेच्या लंगोटात मोहरा आहेत. सिनेमाचा नायक विनायक कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो, हस्तर बाहुलीवर तुटून पडला की मोहरा ओरबाडतो आणि दोरीने वर पळतो. आपली कसोटी लावा. मेलेला माणूस? नाही. भूक? आहे. खजिना? आहे. मराठी मुलखात घडणारा इतका अस्सल गॉब्लिन मी पडद्यावर दुसरा पाहिलेला नाही.

त्या दृश्यातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. बाहुली कणकेची का? आपल्या घरांत कणकेचे दिवे होतात, उताऱ्यालाही कणीक लागते. राखणदाराला द्यायचं ते अन्नच असतं. विनायक तेच अन्न घेऊन जातो, पण द्यायला नाही, फसवायला. नैवेद्याचा गळ केला, की राखणदाराचा गॉब्लिन होतो. सिनेमा हे शब्दांत कुठेही सांगत नाही, कणीक मळणाऱ्या हातांवर कॅमेरा ठेवून दाखवतो.

६. बांकाबाईचा चेहरा

आणि आता इतवारी.

पोळ्याचा दुसरा दिवस. विदर्भातल्या गावांत पोळ्याला दारात ठेवलेले पळसाचे मेढे पहाटे उचलून वेशीबाहेर टाकतात आणि ओरडतात, "इडा पिडा, रोगराई, घेऊन जाय गे मारबत!" पावसाळ्यातले डास, खोकला, ताप, सगळं तिच्यासोबत जावं म्हणून. नागपुरात याच दिवशी बांबू-कागदाच्या अवाढव्य मूर्ती निघतात. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी मारबत १८८५ पासून. पिवळी तऱ्हाणे तेली समाजाची, जागनाथ बुधवारीतून निघणारी. त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे त्या वर्षीच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे, लोकांना जे जे सलतंय त्याचे पुतळे. नेहरू पुतळ्याच्या चौकात दोन्ही मारबती समोरासमोर येतात, तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. छज्ज्यांवर, जिन्यांवर, दुकानांच्या पत्र्यांवर माणसं. डोळे वटारलेली, मोठ्या दातांची काळी मारबत त्या गर्दीवरून डुलत येते आणि खांद्यावर बसलेलं पोर बापाचे केस घट्ट धरतं.

ही काळी कोण, असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. एक, पूतना, कृष्णाला मारायला आलेली. दुसरं उत्तर नागपूरचं स्वतःचं आहे, बांकाबाई भोसले. दुसऱ्या रघुजींची ही राणी, १८५७ च्या उठावात वयोवृद्ध होती आणि तिने वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं. लोकांनी ते मनात धरलं, आणि मारबतीला तिचा चेहरा मिळाला, असं जुनी माणसं सांगतात.

पण तिची आणखी एक गोष्ट आहे, ती गल्लीत कोणी सांगत नाही. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, दत्तक नामंजूर झाला, १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. मग वाड्यातली जडजवाहीर, सामानसुमान बाहेर काढायला सुरुवात झाली. जॉन केय या इंग्रज इतिहासकारानेच लिहून ठेवलं आहे, की म्हाताऱ्या बांकाबाईने बजावलं, सामान हलवाल तर मी वाड्याला आग लावीन. सामान हललंच. भोसल्यांचे दागिने कलकत्त्याच्या बाजारात विकले गेले.

घरच्या खजिन्यासमोर उभी राहिलेली ती राखणदार आणि सत्तावन्नमध्ये इंग्रजांना साथ देणारी ती राणी, एकच बाई. मला यातलं एकही पान फाडून टाकता येत नाही. म्हणून दरवर्षी काळी मारबत समोरून जाते तेव्हा मी तिच्या वटारलेल्या डोळ्यांकडे जरा जास्त वेळ पाहतो. चेहरा बनवणाऱ्यांनी तिला भेसूर केलं, हे खरं. मिरवणुकीनंतर तोच चेहरा जाळला जातो. रावणदहनाला विरोध करणारे विदर्भातले आदिवासी बांधव हेच सांगत असतात, की तुम्ही जाळता तो चेहरा आमच्या घरातला आहे. हे ऐकून घ्यायला हवं.

आणि तरीही या उत्सवात आणखी काही आहे, जे टोल्किनच्या डोंगरात नाही, रोलिंगच्या बँकेत नाही. जाळण्याआधी लोक मारबतीला नमस्कार करतात. पिवळीपुढे बाया ओटी घेऊन रांगेत उभ्या असतात. एक बाई मी पाहिली, तिने पदराच्या टोकाने तान्ह्याचं कपाळ पुसलं, तेच टोक पिवळीच्या पायांना लावलं आणि पुटपुटली, "याचा खोकला घेऊन जाय माय." दुष्टाला कोणी माय म्हणत नाही. तिच्या लेखी मारबत ही घरातली पीडा अंगावर घेऊन जाणारी होती.

संध्याकाळी त्याच गल्ल्यांत तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडी बैल ओढत घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. गेल्या वर्षी आमच्या दारात एक सातेक वर्षांची मुलगी आली. बैलाला झूल, शिंगांना बेगड. तिने सकाळची मारबत पाहिली होती. बोजारा मुठीत धरून तिने विचारलं, "काका, ती काळी कोण होती?" मी उंबऱ्यावर बसलो, तिलाही बसवलं आणि आधी वाड्याची गोष्ट सांगितली, मग सत्तावन्नची. ऐकताना ती बैलाची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.